डेस्कटॉपची रॅम वाढवताना: काय तपासायचं, काय घ्यायचं आणि पट्टी कशी बसवायची

रॅमची नवी पट्टी बसवणं हे डेस्कटॉपमधलं सगळ्यात सोपं काम आहे. ज्यांनी कधी कॅबिनेट उघडलेलं नाही त्यांनाही ते पहिल्याच खेपेला जमतं. फसगत होते ती त्याआधी. चुकीच्या पिढीची पट्टी घरी येते, उघडून पाहिल्यावर रिकामा स्लॉटच सापडत नाही, किंवा मुळात अडचण रॅमची नसतेच. म्हणून या लेखातला बराच मोठा भाग कॅबिनेट बंद असतानाच्या कामाबद्दल आहे. तो सोडून थेट पट्टी बसवण्याच्या भागाकडे जाऊ नका.

आधी पाहा: रॅम खरोखर कमी पडतेय का?

प्रोसेसर या क्षणी ज्या माहितीवर काम करतोय ती रॅममध्ये असते. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम त्यातला कमी वापराचा भाग डिस्कवर लिहून ठेवते आणि गरज पडली की परत वाचते. विंडोजमध्ये या जागेला पेज फाईल म्हणतात, लिनक्समध्ये स्वॅप. डिस्क कितीही चांगली असली तरी रॅमच्या मानाने फार संथ असते. त्यामुळे एका खिडकीतून दुसरीत जाताना कंप्युटर अडखळतो, ब्राउझरचे जुने टॅब पुन्हा लोड व्हायला लागतात, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात. अशी लक्षणं असतील तर संशय रॅमवर घ्यायला हरकत नाही. पण संशयावर खरेदी करू नका, मोजून पाहा.

रोज जे जे उघडता ते सगळं उघडा: ब्राउझरचे नेहमीचे टॅब, कामाचं सॉफ्टवेअर, चॅट, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि मेमरीवर क्लिक करा. तिथे ‘अव्हेलेबल’ हा आकडा महत्त्वाचा आहे. ‘कॅश्ड’ या नावाखाली मोठा आकडा दिसला तर घाबरू नका. मोकळी पडलेली रॅम विंडोज स्वतःहून अलीकडे वाचलेल्या फाइली ठेवायला वापरतं आणि दुसऱ्या कुणाला लागली की लगेच सोडून देतं. नेहमीच्या कामात वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि अव्हेलेबल जेमतेम उरत असेल, तर रॅम वाढवून फरक पडेल. वापर ५०-६० टक्क्यांवर थांबत असेल तर दुप्पट रॅम टाकूनही वेग वाढणार नाही, कारण जी जागा आजच रिकामी आहे तिच्यात आणखी रिकामी जागा मिसळेल एवढंच.

लिनक्सवर टर्मिनलमधली ‘फ्री’ ही आज्ञा हेच काम करते. तिथेही ‘अव्हेलेबल’ हाच रकाना बघायचा.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कवरही नजर टाका. रॅम मोकळी आहे, पण डिस्क मात्र बराच वेळ १०० टक्क्यांवर आहे आणि ती जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे, असं दिसलं तर माझं स्पष्ट मत आहे: आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. अशा मशीनमध्ये रॅमपेक्षा तिचा फरक कितीतरी जास्त जाणवतो.

किती रॅम पुरते? विंडोज ११ साठी कागदोपत्री किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यात रोजचं काम सुखाने होत नाही. ८ जीबीमध्ये ब्राउझर आणि कागदपत्रांचं काम भागतं, तेही थोडं आवरून घेतलं तर. बहुतेक लोकांना १६ जीबी निवांत पुरते. व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन, मोठे फोटो किंवा थ्रीडीचं काम करणाऱ्यांनी ३२ जीबीचा विचार करावा. त्यापुढे जायचं असेल तर ३२ जीबी भरलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जाऊ नका. आणखी एक: विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरूच शकत नाही. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर सिस्टिम ३२ बिटची की ६४ बिटची ते लिहिलेलं असतं.

कोणती पट्टी चालेल?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

आज वापरात असलेल्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये तीनपैकी एका पिढीची रॅम असते. डीडीआर३ साधारण २००७ पासून, डीडीआर४ २०१४ पासून, आणि डीडीआर५ चं मानक जाहीर झालं २०२० मध्ये. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये चालत नाही, आणि बसतही नाही. पट्टीच्या सोनेरी कडेला एक खाच असते आणि स्लॉटमध्ये त्याच जागी एक उंचवटा असतो. प्रत्येक पिढीत ही जागा थोडी सरकवलेली आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, लांबीही सारखीच, त्यामुळे नुसत्या नजरेला त्या एकच वाटतात. वीज मात्र वेगळी लागते: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१.

आपली पिढी ओळखायची कशी? टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्पीड’ दिसतो. आकडा ४८०० किंवा त्याच्या वर असेल तर डीडीआर५. २४०० ते ३६०० च्या दरम्यान असेल तर बहुधा डीडीआर४. १०६६, १३३३ किंवा १६०० असेल तर बहुधा डीडीआर३. २१३३ च्या आसपास डीडीआर३ आणि डीडीआर४ दोन्ही सापडतात, तिथे अंदाज बांधू नका. नक्की उत्तर हवं असेल तर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्याच्या मेमरी टॅबमध्ये पिढी लिहिलेली असते आणि एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची माहिती मिळते. तिथे दिसणारा वेग पट्टीवरच्या आकड्याच्या निम्माच असतो, ३२०० च्या जागी १६००. यात काही बिघाड नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजतं, पट्टीवर माहितीच्या फेऱ्या लिहिलेल्या असतात.

पट्टीवरचं लेबल वाचता आलं तर आणखी उत्तम. त्यावर ‘पीसी’ या अक्षरांनंतर ३, ४ किंवा ५ असा आकडा असतो, तीच पिढी. पुढे कधी ३२०० असं लिहिलेलं असतं तर कधी २५६००. दोन्ही एकच. ३२०० म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहिती जाते. प्रत्येक वेळी ८ बाइट जातात, म्हणून ३२०० गुणिले ८, म्हणजे २५६०० मेगाबाइट.

नुसतं प्रोसेसरचं नाव सांगून रॅम घेऊ नका. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींबरोबर चालतात, पण मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, सहसा त्यातली एकच घेतो. एएमडीचं तुलनेने सोपं आहे: एएम४ सॉकेटला (बोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेला) डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५.

पट्टीचा आकारही पाहा. नेहमीच्या डेस्कटॉपची पट्टी साधारण १३ सेंटीमीटर लांब असते आणि तिला डिम म्हणतात. लॅपटॉपमधली सोडिम त्याच्या जवळपास निम्मी असते. पण अगदी छोट्या डेस्कटॉपमध्ये आणि स्क्रीनच्या मागेच सगळं बसवलेल्या ऑल-इन-वनमध्ये बऱ्याचदा सोडिमच असते, हे ध्यानात ठेवा. अॅपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये तर रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये असते आणि नंतर वाढवता येत नाही. आणि सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ प्रकारची रॅम कितीही स्वस्तात मिळाली तरी घरच्या डेस्कटॉपसाठी घेऊ नका. ती तिथे चालत नाही.

शेवटी मदरबोर्डचं मॅन्युअल. मॉडेलचं नाव सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड टॅबमध्ये मिळेल. त्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर मॅन्युअल शोधा आणि त्यातून तीन गोष्टी टिपून ठेवा: एकूण कमाल रॅम किती, एका स्लॉटला किती, आणि दोन पट्ट्या असतील तर त्या कोणत्या स्लॉटमध्ये घालायच्या. तपासून पाहिलेल्या रॅमची यादीही तिथेच असते. यादीत नसलेली पट्टी चालत नाही असं नाही, पण असलेली घेतली तर डोक्याला ताप कमी.

एक मोठी की दोन छोट्या?

शक्य असेल तर दोन. रॅमपासून प्रोसेसरपर्यंत एका चॅनेलची वाट ६४ बिट रुंद असते. बहुतेक डेस्कटॉपमध्ये असे दोन चॅनेल असतात, आणि दोन्हींवर सारख्या पट्ट्या असल्या तर ते एकाच वेळी चालतात. ३२०० ची एक डीडीआर४ पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गीगाबाइट माहिती देऊ शकते, दोन मिळून ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

जुनी पट्टी ठेवून तिच्या जोडीला नवी घ्यायची असेल तर पिढी, क्षमता, वेग आणि लेबलवरचा ‘सीएल’ने सुरू होणारा आकडा जुळवा. वेग वेगळे असले तर दोघी कमी वेगाने चालतात. क्षमता वेगळी असली, उदाहरणार्थ ४ आणि ८, तर बरेच बोर्ड दोन्हीतल्या ४-४ जीबीची जोडी लावतात आणि उरलेली ४ जीबी एकाच चॅनेलवर चालवतात. काम चालतं. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांचं जुळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांमध्येही आतल्या चिप वेगवेगळ्या निघतात. म्हणून दोनच स्लॉट असतील आणि दोन्हींत ४-४ जीबी असेल, तर त्या काढून ८-८ ची एकत्र विकली जाणारी जोडी घ्यावी असं मी सुचवेन. चार स्लॉट आहेत आणि एकात ८ जीबी आहे, तर तशीच आणखी एक चालेल. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले तर बोर्डला वेग बराच खाली आणावा लागतो, म्हणून तिथे दोनच मोठ्या पट्ट्या बऱ्या.

कॅबिनेट उघडण्याआधी

महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. रॅम बदलल्याने डिस्कवरचं काही पुसलं जात नाही, पण सदोष रॅमवर मशीन चाललं तर फाइली बिघडू शकतात. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा किंवा फोनवरून मिळते का ते पाहा. पुढे बायोस (कंप्युटर सुरू होताना आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) रीसेट करायची वेळ आली तर विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती बंद पडलेल्या कंप्युटरच्या आत असून उपयोग नाही. कॅबिनेटवर वॉरंटीचं सील असेल तर ते तोडण्याआधी अटी वाचा.

पट्टी बसवणं

कंप्युटर शट डाऊन करा. स्लीप किंवा हायबरनेट चालणार नाही. मागच्या बाजूला एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, स्विच असेल तर तो बंद करा, वीजेची वायर काढा, बाकीच्या वायरीही काढा. मग कंप्युटरचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाईल. मदरबोर्डवर एखादा दिवा अजून जळत असेल तर तो विझेपर्यंत थांबा.

कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, गालिच्यावर नको. समोरून पाहिलं तर बहुतेक कॅबिनेटची डावी बाजू उघडते; तिचे दोन स्क्रू मागे असतात. उघडल्यावर आतल्या भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा आणि काम चालू असताना अधूनमधून करत राहा. अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवणारही नाही इतकी कमी असली तरी चिपला इजा करायला पुरते. रॅमची प्रत्येक चिप म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरांचं, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागांचं, शेत असतं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये पेटंट मिळालेली ही रचना: एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, त्यात साठवलेला एक बिट. कपॅसिटरातला भार आपोआप गळत जातो, म्हणून तो सेकंदात कितीतरी वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की रॅममधलं सगळं जातं ते याचमुळे. इतक्या नाजूक गोष्टीला हात लावताना एवढी काळजी घेणं रास्तच आहे.

प्रोसेसरवरच्या पंख्याशेजारी लांब, अरुंद स्लॉट दिसतील. आहे त्या स्थितीचा एक फोटो काढून ठेवा. जुनी पट्टी काढायची असेल तर स्लॉटच्या टोकाचा खटका बाहेरच्या बाजूला दाबा, पट्टी थोडी वर येईल. मग दोन्ही कडांना धरून सरळ वर उचला. काही बोर्डवर खटका एकाच टोकाला असतो आणि दुसरं टोक स्थिर असतं. ते उघडायचा प्रयत्न करू नका.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोन पट्ट्या बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. शेजारी शेजारी बसवल्या तर बऱ्याच बोर्डवर त्या एकाच चॅनेलवर जातात आणि जोडीचा फायदा मिळत नाही. अंतिम शब्द मॅन्युअलचा.

नवी पट्टी कडांना धरून पाकिटातून काढा. सोनेरी भागाला बोट लावू नका. खाच आणि उंचवटा जुळतायत का ते पाहा. नाही जुळले तर पट्टी उलटी फिरवून पाहा. तरीही जुळत नसतील तर पिढीच चुकली आहे, जोर लावू नका. जुळले की पट्टी दोन्ही बाजूंच्या खोबणीत सरळ उभी ठेवा आणि दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सारखा दाब द्या. इथे नवखे लोक बिचकतात, कारण वाटतं त्यापेक्षा बराच जास्त जोर लागतो आणि मदरबोर्ड किंचित लवल्यासारखा दिसतो. खाच जुळलेली असेल तर भिऊ नका. खटका ‘कट्’ असा आवाज करून आपोआप मिटला पाहिजे. तो बोटाने ढकलून लावून घेऊ नका; तो स्वतः मिटला नाही याचा अर्थ पट्टी अजून पूर्ण आत गेलेली नाही. मग डोळे स्लॉटच्या पातळीला आणून पाहा: पट्टी दोन्ही टोकांना सारखी खाली गेलेली दिसायला हवी.

पहिल्यांदा चालू करताना

झाकण लगेच लावू नका. वायरी जोडा आणि चालू करा. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काळ्या पडद्यासमोर काही मिनिटं बसावं लागू शकतं. बोर्ड नव्या पट्ट्यांशी वेळेचा मेळ बसवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या वेळात घाबरून वीज बंद करू नका. जुन्या पिढ्यांमध्येही एखाद-दोन वेळा आपोआप बंद-चालू होणं नेहमीचं आहे.

विंडोज सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये एकूण रॅम, स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत ते पाहा.

काहीच दिसत नसेल, बीप वाजत असतील किंवा बोर्डवर ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा जळत असेल, तर बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. वीज काढा, पट्टी काढून पुन्हा बसवा. तरीही नाही झालं तर एकच नवी पट्टी ठेवून पाहा, मग दुसरी, मग फक्त जुनी. म्हणजे दोष कोणत्या पट्टीत की स्लॉटमध्ये ते कळेल. जुन्या पट्टीच्या सोनेरी कडा मळलेल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. एवढ्यानेही काम झालं नाही तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने बायोस रीसेट करा. बऱ्याच बोर्डवर वीज काढून नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं बाजूला ठेवली की ते होतं. एकेक पट्टी चालते पण एकत्र चालत नाहीत, असं निघालं तर त्यांचं आपसात जुळत नाही. पट्टी परत करायची मुदत संपण्याआधी हे सगळं तपासून घ्या.

वेग कमी दिसतोय?

३६०० ची पट्टी घेतली आणि टास्क मॅनेजर २६६६ दाखवतो, यात फसवणूक झालेली नाही. पट्टी सुरुवातीला नेहमीच्या मानक वेगाने चालते. खोक्यावर लिहिलेला वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन तिचं प्रोफाइल सुरू करावं लागतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या नव्या बोर्डवर एक्स्पो. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये हा पर्याय बऱ्याचदा नसतोच. सुरू केल्यावर मशीन अस्थिर झालं तर प्रोफाइल बंद करा. थोडा कमी वेग परवडतो, मधेच बंद पडणारा कंप्युटर परवडत नाही.

चाचणी टाळू नका

विंडोज नीट सुरू झालं म्हणजे रॅम चांगली आहे असं होत नाही. एखादाच खराब बिट आठवडाभर लपून राहतो आणि मग एक फाइल उघडेनाशी होते, किंवा निळा पडदा येतो आणि कारण सापडत नाही. स्टार्ट मेनूत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा. ते मशीन पुन्हा सुरू करून तपासणी करतं. अधिक कसून तपासायचं असेल तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून कंप्युटर सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू केलं असेल तर चाचणी त्यानंतरच करा. एकही चूक दिसली तर ती चूकच समजा: प्रोफाइल बंद करून पुन्हा तपासा, तरीही चूक आली तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासा आणि दोषी पट्टी वॉरंटीत बदलून घ्या. नामांकित कंपन्यांच्या रॅमला बऱ्याचदा अनेक वर्षांची वॉरंटी असते, म्हणून बिल जपून ठेवा.

चाचणी पार पडली की वीज काढून झाकण लावा. काढलेली जुनी पट्टी नवीच्या पाकिटात ठेवा आणि वरून पिढी, क्षमता आणि वेग लिहा. पुढे कधी दोष शोधायची वेळ आली तर हमखास चालणारी एक पट्टी हाताशी असेल.